पलीकडे काहीच जात नाही: एका पायरीची समीकरणं आणि उलट क्रिया

क्ष + ७ = १५. सहावी-सातवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, ८ हे उत्तर चटकन येईल. मग विचारा, "कसं काढलंस?" यावर साधारण दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "आठ नि सात पंधरा, पाठच आहे." दुसरं, "सात पलीकडे गेले, म्हणून वजा झाले." पहिलं उत्तर प्रामाणिक आहे, पण क्ष + ३.७५ = १२.२ समोर आलं की त्याचा काही उपयोग होत नाही. दुसरं उत्तर परीक्षेत गुण मिळवून देतं, आणि माझं भांडण आहे ते त्याच्याशीच.

"बाजू बदलली की चिन्ह बदलतं" हे वाक्य आपल्याकडे पिढ्यानपिढ्या घोकलं गेलंय. आई-बाबा शिकले तसंच ते मुलांना शिकवतात, क्लासमध्येही तेच ऐकू येतं. वाक्य खोटं नाही. पण सात उठून बरोबरच्या चिन्हावरून पलीकडे कसे काय गेले, आणि जाता जाता त्यांचं अधिक होतं ते वजा का झालं, हे विचारलं तर बहुतेक घरांत शांतता पसरते. मग पुढच्याच उदाहरणात ५क्ष = ३० येतं. मूल पाच पलीकडे नेतं, चिन्ह बदलतं आणि लिहितं, क्ष = ३० − ५ = २५. आपण रागावतो. खरं तर त्यानं आपण दिलेला नियम इमानेइतबारे पाळलेला असतो.

पलीकडे काहीच जात नाही. होतं ते एवढंच:

क्ष + ७ = १५
क्ष + ७ − ७ = १५ − ७
क्ष = ८

दोन्ही बाजूंमधून सात वजा केले. डावीकडे ७ − ७ म्हणजे शून्य उरलं, त्यामुळे तिथले सात दिसेनासे झाले. उजवीकडे १५ − ७ दिसू लागलं. मधली ओळ लिहायचा कंटाळा केला की वरच्या ओळीतले डावीकडचे +७ खालच्या ओळीत उजवीकडे −७ होऊन बसल्यासारखे वाटतात. म्हणून माझा आग्रह असतो की पहिले काही दिवस तरी मुलांनी ही मधली ओळ गाळू नये. पुढे हात बसला की ती आपोआप गळते, आणि तेव्हा गळली तरी बिघडत नाही.

आता दोन्ही बाजूंना सारखंच का करायचं? याचं उत्तर बरोबरच्या चिन्हात आहे, आणि गडबड सुरू होते तीही तिथूनच. पहिलीपासून मुलांनी ७ + ५ = असं लिहून पुढे रिकामी जागा पाहिलेली असते. त्यामुळे = म्हणजे "आता उत्तर लिही" असा हुकूम, अशी त्यांची समजूत होते. घरात मूल असेल तर ही चाचणी घेऊन पाहा: ८ + ४ = __ + ५. रिकाम्या जागी बरीच मुलं १२ लिहितात. काही जण समोर दिसतंय ते सगळंच मिळवून १७ लिहितात. बरोबर उत्तर आहे ७, कारण डावीकडे बारा आहेत तर उजवीकडेही बाराच व्हायला हवेत. ४ × ५ = २० + ३ = २३ असं एका दमात लिहिण्याची सवय हीसुद्धा त्याच समजुतीतून येते. चार पंचे वीस, तेवीस नव्हेत.

हे चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं १५५७ साली. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधल्या वैद्यानं आपल्या गणिताच्या पुस्तकात "च्या बरोबर आहे" हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायला नकोत म्हणून दोन समांतर रेघा ओढल्या. कारणही त्यानंच दिलंय: याहून एकसारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. चिन्ह नेमकं हेच सांगतं. डावीकडे जेवढं आहे तेवढंच उजवीकडे आहे. दोन सारख्या गोष्टींना तंतोतंत सारखंच काही केलं तर त्या सारख्याच राहतात. समीकरण सोडवायचा सगळा अधिकार आपल्याला इथून मिळतो.

शाळेत यासाठी तराजूचं चित्र काढतात. एका पारड्यात झाकलेली पिशवी आणि सात वजनं, दुसऱ्यात पंधरा वजनं. दोन्हींतून सात-सात उचलली तर काटा हलत नाही. चित्र छान आहे, पण ते सुरुवातीलाच वापरावं. क्ष = −४ आलं की पारड्यात ठेवायचं काय, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि त्याला धड उत्तर नाही.

दोन्ही बाजूंना सारखंच करायचं हे कळलं. पण करायचं काय? क्ष + ७ = १५ मध्ये मी दोन्ही बाजूंत शंभर मिळवले तरी चूक काहीच नाही: क्ष + १०७ = ११५. समीकरण खरंच राहिलं, फक्त माझं काम तसूभरही पुढे सरकलं नाही. आपल्याला क्ष एकटा हवाय. त्यासाठी आधी पाहायचं, क्षला काय केलंय? आणि मग, ते उलटवायला काय करावं लागेल? सात मिळवलेत, तर सात काढून घ्यायचे. नऊ काढून घेतलेत, तर नऊ परत द्यायचे. सहानं गुणलंय, तर सहानं भागायचं. चारानं भागलंय, तर चारानं गुणायचं. केलेलं काम जी क्रिया पुसून टाकते ती त्याची उलट क्रिया. बेरीज आणि वजाबाकी ही एक जोडी, गुणाकार आणि भागाकार ही दुसरी. एवढंच सामान पुरतं.

क्ष − ९ = २३ घ्या. नऊ वजा केलेत, म्हणून दोन्हीकडे नऊ मिळवायचे, क्ष = ३२. क्ष ÷ ४ = ९ असेल तर दोन्हीकडे चारानं गुणायचं, क्ष = ३६. आणि सुरुवातीचं ५क्ष = ३०? इथे क्षला पाचानं गुणलंय. पाच वजा केले तर ५क्ष − ५ उरतं, म्हणजे क्ष काही मोकळा होत नाही. पाचानं भागलं तर ५क्ष ÷ ५ म्हणजे नुसता क्ष, आणि उजवीकडे ६. काय केलंय हे आधी पाहण्याचा फायदा इथे दिसतो. "पलीकडे नेणारं" मूल संख्या पाहतं. "काय केलंय" विचारणारं मूल क्रिया पाहतं.

पण त्यासाठी ५क्ष मध्ये गुणाकार लपलाय हे माहीत हवं. हे आपण एकदा सांगतो आणि विसरतो. मूल मात्र विसरत नाही, गोंधळते. क्ष = ६ असेल तर ५क्ष किती, असं विचारलं की काही मुलं ५६ लिहितात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही: आजवर दोन अंक शेजारी आले की दशक-एकक असंच शिकवलंय. बीजगणितात येताच शेजारी असण्याचा अर्थ बदलला आणि कुणी नीट सांगितलं नाही. सुरुवातीला ५ × क्ष असंच लिहू द्यावं.

एक उदाहरण घराजवळचं. जमिनीचा व्यवहार आपल्याकडे गुंठ्यात बोलला जातो, आणि कागदावर कधी चौरस फूट असतात तर कधी चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. जाहिरातीत ३२६७ चौरस फुटांचा प्लॉट आहे, तर गुंठे किती? गुंठ्यांची संख्या क्ष धरली तर १०८९ × क्ष = ३२६७. गुणलंय म्हणून भागायचं, क्ष = ३. अशा वेळी गुणावं की भागावं या संभ्रमात भलेभले अडकतात, कारण ते डोक्यात थेट उत्तर शोधत असतात. आधी समीकरण मांडलं, म्हणजे माहीत नसलेली संख्या कुठे बसते ते लिहिलं, की क्रिया निवडायचा प्रश्नच राहत नाही.

अपूर्णांक आले तरी तत्त्व तेच, फक्त हात थोडा जड होतो. २/३ क्ष = १४. क्षला दोन तृतीयांशानं गुणलंय, म्हणून दोन तृतीयांशानं भागायचं, म्हणजेच ३/२ नं गुणायचं. १४ × ३/२ = २१. ज्यांना हे उलटं करून गुणणं रुचत नाही त्यांनी शब्दांत विचार करावा: संख्येचे दोन तिसरे हिस्से १४, तर एक हिस्सा ७, आणि पूर्ण संख्या तीन सत्ते एकवीस. दशांश चिन्हांबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. क्ष + ३.७५ = १२.२ मध्ये ३.७५ वजा करा, ८.४५ येतात.

ऋण संख्यांकडे मात्र जरा थांबायला हवं, कारण "चिन्ह बदलतं" या मंत्राचा सगळ्यात मोठा घात तिथेच होतो. −३क्ष = १२ हे पाहा. घोकलेला नियम वापरणारं मूल −३ पलीकडे नेतं, भागाकार करायचा हेही त्याला आठवतं, आणि चिन्ह बदलायचं हेही आठवतं. मग ते लिहितं, क्ष = १२ ÷ ३ = ४. इथे दोन नियमांची सरमिसळ झाली. क्षला काय केलंय? −३ नं गुणलंय. उलटवायचं म्हणजे −३ नंच भागायचं, चिन्हासकट. १२ ÷ (−३) = −४. गुणाकार-भागाकाराच्या जोडीत चिन्ह बदलण्याचा प्रश्नच येत नाही. बदलते ती क्रिया. नुसतं −क्ष = ६ असेल तर त्यातही −१ नं गुणलेलं आहे हे ओळखायचं आणि दोन्हीकडे −१ नं भागायचं: क्ष = −६.

यातली चूक पकडायला बाहेरचा कुणी लागत नाही. ताळा करून पाहायचा. मिळालेली किंमत मूळ समीकरणात घाला: −३ × ४ = −१२, आपल्याला १२ हवे होते, म्हणजे बिघडलं. −३ × (−४) = १२, जमलं. फक्त ताळा नेहमी प्रश्नात दिलेल्या पहिल्या ओळीशी करावा. स्वतः लिहिलेल्या दुसऱ्या ओळीशी केला तर दुसऱ्या ओळीतली चूक तशीच सुखरूप राहते. गणितात असे विषय फार थोडे आहेत जिथे उत्तर बरोबर की चूक हे मुलाला स्वतःचं स्वतः, दहा सेकंदांत कळतं. तरी वहीत ताळा क्वचितच दिसतो. "वेळ नसतो" हे कारण मला पटलेलं नाही.

आता दोन समीकरणं, जी दिसायला एका पायरीची असतात आणि हमखास फसवतात. २० − क्ष = ८ आणि ३६ ÷ क्ष = ४.

पहिल्यात वजाबाकीचं चिन्ह दिसतं, म्हणून मूल मिळवायला धावतं आणि क्ष = २८ लिहितं. पण नीट पाहा, क्षमधून वीस वजा केलेले नाहीत. विसातून क्ष वजा केलाय. "क्षला काय केलंय?" याचं इथलं उत्तर आहे, "त्याला विसातून वजा केलंय." हे उलटवायचं कसं? गंमत अशी की ही क्रिया स्वतःच स्वतःची उलट आहे. विसातून १२ वजा करा, ८ येतात. आता विसातून ८ वजा करा, पुन्हा १२. म्हणून क्ष = २० − ८ = १२. भागाकाराचंही तसंच: ३६ ÷ ९ = ४ आणि ३६ ÷ ४ = ९. म्हणून ३६ ÷ क्ष = ४ असेल तर क्ष = ३६ ÷ ४ = ९. हे पटत नसेल तर सरळ दोन पायऱ्या करा. २० − क्ष = ८ मध्ये दोन्हीकडे क्ष मिळवा: २० = ८ + क्ष. मग आठ वजा करा. उत्तर तेच.

आणि एक क्रिया अशी आहे जिला उलटच नाही. ० × क्ष = ५ असं कुणी दिलं तर कुठलीच संख्या चालणार नाही. ० × क्ष = ० दिलं तर कुठलीही चालेल. शून्यानं गुणलं की सात असो, सातशे असो, सगळ्यांचं शून्यच होतं. मूळ संख्या कुठली होती याची खूण उरत नाही. खूण उरली नाही तर परतीची वाट कशी सापडणार? शून्यानं भागायचं नाही, असं शाळेत दरडावून सांगतात त्याचं कारण एवढंच आहे: शून्यानं गुणणं परत फिरवता येत नाही.

ही परत फिरण्याची रीत आपल्या मातीत फार जुनी आहे. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी लिहिलेल्या आर्यभटीय या ग्रंथाच्या गणितपाद नावाच्या भागात एका श्लोकात ती सांगितली आहे: उलट जाताना गुणक भाजक होतात, भाजक गुणक होतात, मिळवलेलं वजा होतं आणि वजा केलेलं मिळवलं जातं. साडेसहाशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी लीलावतीत तीच रीत दिली, तीत वर्ग आणि वर्गमूळ यांची जोडीही आहे, आणि उलट जाण्याला तिथे विलोम म्हटलंय. (चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे, त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ काढला होता. जळगाव जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिथे जातात की नाही कोण जाणे, जायला हव्यात.)

भास्कराचार्यांचं उदाहरण असं. एका संख्येला तिनानं गुणलं. आलेल्या गुणाकारात त्याचाच पाऊण हिस्सा मिळवला. मग सातानं भागलं. आलेल्या संख्येतून तिचाच तिसरा हिस्सा काढला. उरलेल्याचा वर्ग केला, त्यातून ५२ वजा केले, वर्गमूळ काढलं, ८ मिळवले, १० नं भागलं. राहिले २. तर मूळ संख्या कोणती?

ऐकूनच घाम फुटतो. पण हे म्हणजे एका पायरीची समीकरणं एकाला एक जोडलेली आहेत, बाकी काही नाही. शेवटची क्रिया आधी उलटवायची. दहानं भागलं होतं, म्हणून २ × १० = २०. आठ मिळवले होते, म्हणून १२. वर्गमूळ काढलं होतं, म्हणून १२ चा वर्ग १४४. बावन्न वजा केले होते, म्हणून १९६. वर्ग केला होता, म्हणून वर्गमूळ १४.

इथवर सोपं. आता अडतं. संख्येतून तिचाच तिसरा हिस्सा काढल्यावर १४ उरलेत. परत जायला १४ चा तिसरा हिस्सा मिळवायचा का? नाही. काढला होता तो मूळ संख्येचा हिस्सा. १४ चा नव्हे. मूळ संख्येचे तीन हिस्से होते, एक गेला, दोन उरले, आणि ते दोन मिळून १४. म्हणजे गेलेला हिस्सा हा उरलेल्याचा निम्मा, ७. मूळ संख्या २१. पुढे, सातानं भागलं होतं, म्हणून १४७. त्याआधी पाऊण हिस्सा मिळवला होता: चार हिस्से होते, त्यांत तीन आले, सात झाले. म्हणून १४७ चे ३/७ काढायचे, म्हणजे ६३. राहिले ८४. आणि तिनानं गुणलं होतं, म्हणून २८. ताळा तुम्ही करा, अठ्ठावीसपासून सुरुवात करून.

स्वतःचाच हिस्सा मिळवणं-काढणं ही जागा फसवी आहे हे भास्कराचार्यांना पक्कं ठाऊक असावं, कारण त्यासाठी त्यांनी वेगळा नियमच दिलाय: हिस्सा मिळवला असेल तर छेदात अंश मिळवा, काढला असेल तर छेदातून अंश वजा करा, अंश आहे तसाच ठेवा आणि मग उलट क्रिया करा. ३/४ मिळवले असतील तर ३/७ काढा. १/३ काढला असेल तर १/२ मिळवा.

हा नियम आज कोण वापरतं म्हणाल, तर प्रत्येक हिशेबनीस. समजा, १८ टक्के जीएसटी धरून बिल २३६ रुपये झालं. मूळ किंमत किती? बरेच जण २३६ चे १८ टक्के, म्हणजे ४२ रुपये ४८ पैसे वजा करतात आणि १९३ रुपये ५२ पैसे सांगतात. हे चूक आहे. कर मूळ किमतीवर लागला होता, २३६ वर नाही. समीकरण आहे १.१८ × क्ष = २३६, आणि गुणाकाराची उलट क्रिया भागाकार: २३६ ÷ १.१८ = २००. नाहीतर भास्कराचार्यांच्या रीतीनं, १८/१०० मिळवलेत, म्हणून शंभरात अठरा घालून छेद ११८ करायचा आणि २३६ चे १८/११८ काढायचे. ते होतात ३६ रुपये. हिशेबनीस करासकट किमतीतून कर वेगळा काढताना हाच १८/११८ वापरतात. पाच टक्क्यांचा कर असेल तर तो होतो ५/१०५.